यादीत नाव नसलेल्याचा हक्क

भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि नागपूर-पुण्याला अभ्यासाला गेलेली पोरं दोन-चार दिवस गावात. साकोली तालुक्यातलं सानगडी, किल्ल्याचं आणि धानाच्या बांध्यांचं गाव, याच पट्ट्यातलं. या दिवसांत पंचविशीतल्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘का गा, लागलास का कुठं?’ उत्तरही साधारण ठरलेलं असतं. पेपर दिला होता, चांगला गेला होता, पण... त्या ‘पण’च्या पुढे पाचांपैकी एक गोष्ट येते. पेपर आधीच फुटला होता. तोंडीत गुण कापले. गुणांचं काहीतरी गणित करून मागे टाकलं. पुढे गेलेल्याचं प्रमाणपत्र खोटं होतं. नाहीतर भरतीच कोर्टात अडकली.

यातली प्रत्येक गोष्ट महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत खरोखर घडलेली आहे, म्हणून ऐकणारा मान डोलावतो. यातली प्रत्येक गोष्ट कमी पडलेल्या अभ्यासावरचं पांघरूणही असू शकते, म्हणून तोच ऐकणारा मनातल्या मनात शंका घेतो. खरी अडचण अशी, की आपल्या बाबतीत नेमकं काय झालं हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्याची निवड झाली त्याला परीक्षेबद्दल फारसे प्रश्न पडत नाहीत, तो पेढे वाटायला मोकळा. परीक्षा न्याय्य होती की नाही याची खातरी पटायला हवी ती यादीत नाव नसलेल्याची, आणि नेमके त्यालाच सगळ्यांत कमी कागद पाहायला मिळतात. स्पर्धा परीक्षांच्या पारदर्शकतेची चर्चा कडक शिक्षा, जॅमर, सीसीटीव्ही आणि बायोमेट्रिक हजेरीभोवती फिरते. हे सगळं हवंच. पण हरलेल्या उमेदवाराला ‘मी का हरलो’ हे स्वतः तपासता येतं का, या प्रश्नाकडे ती क्वचितच वळते.

घराजवळची परीक्षा

सानगडीसारख्या गावातून दिसणारी सरकारी नोकरीची शिडी राज्याच्या लोकसेवा आयोगापासून सुरू होत नाही. तिची पहिली पायरी गावातच असते. पोलीस पाटील हे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली येतं. उमेदवार दहावी पास, वयाने २५ ते ४५ मधला आणि त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. कोणत्या गावचं पद कोणत्या प्रवर्गाला, हे सोडतीने ठरतं. नेमणूक करतो उपविभागीय अधिकारी. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. पूर्वी महिन्याला ६,५०० रुपये असलेलं मानधन २०२४ मध्ये १५,००० करण्याचा निर्णय झाला. कोतवालाचं मानधन त्याआधीच्या वर्षी १५,००० वर गेलं होतं. वर्षात धानाचं एखादं-दुसरं पीक घेणाऱ्या घरात दरमहा येणारी ही रक्कम लहान नाही, आणि गावातला मान वेगळाच.

जागा एक, अर्जदार सगळे एकाच गावातले, एकमेकांना ओळखणारे. शाळेत कोण कितवा यायचा हे सगळ्या गावाला पाठ. अशा ठिकाणी निकालावर शंका आली तर ती चावडीवरच राहत नाही, घराघरांतल्या बोलण्यात वर्षानुवर्षं मुरते. भंडारा जिल्ह्याने ते २०२३ मध्ये पाहिलं. त्या वर्षीची पोलीस पाटील आणि कोतवाल भरती गैरप्रकारांच्या तक्रारींनी गाजली, चौकशी झाली, आणि जिल्ह्यातल्या महसूल अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. राज्य पातळीवरच्या पेपरफुटीला जेवढे रकाने मिळतात तेवढे या भरतीला मिळाले नाहीत. पण ‘सरकारी नोकरी अभ्यासाने मिळते की ओळखीने’ याचं उत्तर खेड्यातला माणूस मुंबईच्या बातमीवरून ठरवत नाही. शेजारच्या गावात पोलीस पाटील कोण झाला, यावरून ठरवतो.

या परीक्षेचा ढाचाच शंकेला जागा ठेवणारा आहे. समजा एकाला लेखीत ८० पैकी ६२ आणि तोंडीत ८ मिळाले, दुसऱ्याला लेखीत ५४ आणि तोंडीत १७. पहिला ७० वर थांबला, दुसरा ७१ घेऊन पोलीस पाटील झाला. कदाचित दुसरा खरोखर अधिक चुणचुणीत असेल, गावातलं भांडण सोडवायची हातोटी त्याच्याकडे असेल. या पदाला ती लागतेच. पण दहा-पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत ती कशी जोखली याची एक ओळही कुठे लिहिलेली नसेल, तर पहिल्याने त्यावर विश्वास का ठेवावा?

न्यायालयांनी हा प्रश्न चाळीसेक वर्षांपूर्वीच हाताळला आहे. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या भरतीवरून झालेल्या अशोक कुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुलाखतीचं वजन तपासलं. तिथे सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीला एकूण गुणांच्या २२.२ टक्के आणि माजी सैनिकांसाठी ३३.३ टक्के वाटा होता. न्यायालयाला दोन्ही प्रमाणं जास्त वाटली. केंद्रीय लोकसेवा आयोगात तेव्हा असलेलं १२.२ टक्क्यांचं प्रमाण त्याने नमुना म्हणून पुढे ठेवलं. आज महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत नव्या वर्णनात्मक पद्धतीनुसार मुख्य परीक्षा १,७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. हा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास भरतो. जुन्या पद्धतीत ८०० अधिक १०० होते, म्हणजे अकरा टक्के. पोलीस पाटलासाठी तो सरळ वीस टक्के आहे. प्रत्येक पदाला एकच माप लावावं असं न्यायालयाने म्हटलेलं नाही, हे खरं. तरीही होणाऱ्या उपजिल्हाधिकाऱ्याच्या मुलाखतीपेक्षा गावच्या पोलीस पाटलाच्या मुलाखतीला जास्त वजन, आणि तिच्यावर नजर मात्र कितीतरी कमी, हा उलटा हिशेब आहे. पद जितकं लहान तितकी पारदर्शकता कमी, हा अलिखित नियम शिडीच्या पहिल्याच पायरीवर भेटतो.

२०० पैकी २१४

पुढची पायरी तलाठ्याची. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण सातबारा काढायला जाणारा माणूस अजून तलाठ्याकडेच जातो. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि त्यांच्यासाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. माजी सैनिकांची सवलत वजा केली तरी जमा रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते.

परीक्षा टीसीएसने संगणकावर घेतली, १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर. पूर्व विदर्भात हे रोवणी आटोपण्याचे दिवस. बेरोजगार पोरगा घरी असला तर तो हक्काचा मजूर असतो. पहिल्याच दिवशी नाशिकमध्ये परीक्षा केंद्राबाहेर इलेक्ट्रॉनिक उपकरणांसह एकाला पकडलं. २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडला आणि राज्यभरातल्या केंद्रांवर सकाळचं सत्र खोळंबलं. पहाटेच्या गाडीने शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपुरात पोचलेल्या उमेदवारांनी तो वेळ फाटकाबाहेर काढला.

जानेवारी २०२४ मध्ये गुणवत्ता यादी आली आणि दुसराच धुरळा उठला. २०० गुणांच्या परीक्षेत सर्वांत वरच्या उमेदवाराला २१४ हून अधिक गुण होते. ‘आता तरी मान्य करा घोटाळा झाला’ असा गजर झाला. महसूल विभागाने खुलासा केला की हे सामान्यीकरण आहे, पोरांच्या भाषेत नॉर्मलायझेशन.

खुलासा चुकीचा नव्हता. साडेआठ लाखांहून अधिक उमेदवार एकाच दिवशी संगणकापुढे बसू शकत नाहीत, म्हणून परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, त्यामुळे कुणाला सोपी आली, कुणाला अवघड. मग प्रत्येक सत्राचे सरासरी गुण आणि ते किती पसरलेले आहेत हे पाहून अवघड सत्रातल्यांचे गुण वर ओढले जातात, सोप्या सत्रातल्यांचे खाली. अवघड सत्रात कुणी मुळातच १९०-१९५ मिळवले असतील तर ते ओढले जाऊन दोनशेच्या पलीकडे जाऊ शकतात. गणिताच्या दृष्टीने यात काही वावगं नाही.

वावगं होतं ते दुसरीकडे. दहा लाख अर्जदारांना हे आधी नीट समजावून सांगावं असं कुणाला वाटलं नाही. जाहिरातीतली सामान्यीकरणाची ओळ म्हणजे समजावणं नव्हे. नुसतं सूत्र माहीत असूनही भागत नाही. सत्रागणिक किती जण बसले, त्यांची सरासरी काय, गुणांचा विस्तार किती, हे आकडे निकालासोबत त्याच पानावर छापले तर बारावीचं गणित येणारा कोणीही मुलगा आपले गुण स्वतः काढून पाहू शकतो. आपले १६८ गुण १६१ कसे झाले हे त्याला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता आलं, तर तो हळहळेल, पण ‘फसवलं’ म्हणणार नाही. आकडे दडले की योग्य गणितही जादूटोण्यासारखं दिसतं, आणि खुलासा कितीही खरा असला तरी तो सारवासारव वाटतो.

पेपर फुटतो कुठे

पेपरफुटी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो खिडकीतून कागद आत टाकणारा कोणी भुरटा. महाराष्ट्रातल्या मोठ्या प्रकरणांत चोर खिडकीबाहेर नव्हते, ते आतल्या खोलीत होते. २०२१ चे शेवटचे तीन महिने आठवावेत. आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा सप्टेंबरअखेर होणार होत्या. त्या ऐनवेळी पुढे ढकलल्या आणि २४ व ३१ ऑक्टोबरला घेतल्या. मग पेपर फुटल्याचं पुढे आलं, आणि पुणे पोलिसांच्या तपासात अटक झालेल्यांत आरोग्य खात्याचेच वरिष्ठ अधिकारी निघाले. १२ डिसेंबरला म्हाडाची परीक्षा होती. ती आदल्या मध्यरात्री रद्द झाली, कारण परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संचालकालाच पोलिसांनी पकडलं होतं. त्याच महिन्यात शिक्षक पात्रता परीक्षेच्या तपासात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली.

शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रकरण तर पेपरफुटीचं नव्हतंच. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या त्या परीक्षेत पेपर कुणाला आधी मिळालेला असण्याची गरजच नव्हती. नापास झालेल्यांचे गुण नंतर बदलले गेले. २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगातही २००२ साली उघडकीला आलेलं प्रकरण गुणवाढीचंच होतं. जॅमर आणि सीसीटीव्ही परीक्षेच्या दोन तासांवर पहारा देतात. त्याआधी प्रश्नपत्रिका तयार होताना आणि त्यानंतर गुण चढताना मात्र मैदान मोकळं असतं.

अकराव्या शतकाच्या सुमाराला चीनमधल्या सोंग राजवटीने याची दखल घेतली होती. तिथे उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलं जायचं. मग हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून सरकारी नकलनवीस सगळी उत्तरपत्रिका उतरवून काढत आणि परीक्षकापुढे ती नक्कलच जाई. उमेदवारावर नव्हे, परीक्षकावर अविश्वास दाखवणारी ती व्यवस्था होती. आपण हजार वर्षांनी उमेदवाराच्या कानातलं आणि हातातला दोरा काढून घेतो, पण कंपनीच्या सर्व्हरवर गुण कुणी, कधी, किती वाजता बदलले याची नोंद कुणाला दाखवत नाही.

उपाय म्हणून दर वेळी परीक्षा घेणारा बदलला गेला. २०१७ ला सुरू झालेलं महापरीक्षा पोर्टल तक्रारींमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झालं. मग खासगी कंपन्या आल्या, २०२१ च्या प्रकरणांनंतर त्या गेल्या आणि टीसीएस व आयबीपीएस आल्या. आता ‘सगळंच लोकसेवा आयोगाकडे द्या’ ही मागणी जोरात आहे. लिपिक-टंकलेखकांच्या जागा तिकडे गेल्यासुद्धा. २०२३ च्या संयुक्त परीक्षेच्या ८,१६९ जागांत सात हजारांहून अधिक याच होत्या. केरळचा आयोग कनिष्ठ लिपिकापर्यंतच्या जागा भरतोच. मागणी रास्त आहे. आयोगाला घटनेचं संरक्षण आहे, सदस्याला काढायचं तर कलम ३१७ खाली राष्ट्रपतींपर्यंत जावं लागतं. शिवाय त्याची प्रथम उत्तरतालिका, त्यावरच्या हरकती, अंतिम उत्तरतालिका, प्रवर्गनिहाय कट ऑफ ही शिस्त इतरांपेक्षा बरी आहे. पण त्याच २०२३ च्या परीक्षेआधी सुमारे ९४ हजार उमेदवारांची हॉल तिकिटं टेलिग्रामवर आली होती. पाटी बदलल्याने सगळं सुधारत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक गंमत झाली, जिचा धागा भंडारा जिल्ह्यापर्यंत आला. गट ब च्या पूर्वपरीक्षेआधी उमेदवारांना फोन गेले: चाळीस लाखांत पेपर देतो. पुणे पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत या जिल्ह्याचे तरुण होते. आयोगाने सांगितलं की प्रश्नपत्रिका सुरक्षित आहेत, ही निव्वळ फसवणूक आहे. ते खरं मानलं तर या मंडळींकडे विकायला पेपर नव्हताच. त्यांच्याकडे होता तो हजारो उमेदवारांच्या मनातला पक्का समज, की पेपर कुठेतरी मिळतोच, आपल्यापर्यंत तेवढा पोचत नाही. त्या समजुतीला चाळीस लाखांचा भाव आला.

अंतर, वय आणि शुल्क

अन्याय करायला पेपर फोडावाच लागतो असं नाही. इंग्रजांनी १८५५ पासून सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू केली. कागदावर ती हिंदी माणसालाही खुली होती, पण व्हायची लंडनला. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये ती पास होणारे पहिले हिंदी. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. पुढे वयोमर्यादा १९ वर आणली गेली. त्या वयात सातासमुद्रापार जाऊन परक्या भाषेत इंग्रज मुलांशी टक्कर देणं किती जणांना परवडणार? डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, त्यातल्या मागण्यांत ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्या ही एक मागणी होती. ती पुरी व्हायला १९२२ उजाडलं. तक्रार पेपर फुटण्याची नव्हती. परीक्षा स्वच्छ होती, तिच्यापर्यंतचा रस्ताच लांब होता.

सानगडीहून नागपूरचं केंद्र म्हणजे लंडन नव्हे. तरीही मुलीला सकाळी आठला केंद्रावर हजर राहायचं तर आदल्या दिवशी निघावं लागतं, सोबत घरातलं कोणीतरी, दोघांचं भाडं, एका रात्रीची सोय. शुल्काचे हजार रुपये म्हणजे हमीभावाने जवळपास अर्धा क्विंटल धान. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत, जिच्यात राज्यभर १९,४६० जागा होत्या, शुल्क पुन्हा तेवढंच. दोन-तीन पदांना अर्ज केला की धानाची दोन पोती परीक्षेतच गेली.

वेळेचं तर काय सांगावं. जिल्हा परिषदेची त्याआधीची जाहिरात मार्च २०१९ ची होती. ती परीक्षा झालीच नाही, २०२२ मध्ये भरती रद्द झाली आणि पोरं भरलेल्या शुल्काच्या परताव्याची वाट बघत बसली. राज्यसेवा २०१९ मधून निवडलेल्या ४१३ जणांची यादी जून २०२० मध्ये लागली, पण मराठा आरक्षणाला सप्टेंबरमध्ये स्थगिती आली आणि नेमणुका वर्षभराहून जास्त लटकल्या. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पुण्याचे रस्ते भरले. २५ ऑगस्ट २०२४ ची परीक्षा आयबीपीएसच्या परीक्षेच्या तारखेशी भिडली, कृषी सेवेच्या २५८ जागा त्याच परीक्षेत घेण्याचा प्रश्नही होताच. पुन्हा आंदोलन, पुन्हा नवी तारीख. सरकारने मार्च २०२३ मध्ये वयात दोन वर्षांची सवलत दिली, ते बरं केलं. पण वय वाढवून मिळतं, घरच्यांचा धीर वाढवून मिळत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत दोन वर्षांचा उशीर म्हणजे बहुधा परीक्षेचा शेवट असतो.

प्रमाणपत्रांची परीक्षा

लेखीत पास होऊनही अर्धी लढाई उरते. प्रवर्गाचं उभं आरक्षण, त्याच्या आत महिलांचं ३० टक्के, खेळाडूंचं, माजी सैनिकांचं, अनाथांचं, प्रकल्पग्रस्तांचं समांतर आरक्षण. भंडारा जिल्ह्यात यातलं शेवटचं फार जवळचं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी एप्रिल १९८८ मध्ये केली, आणि बुडीत गावांतल्या घरांना जमिनीच्या बदल्यात जे थोडंफार हाती आलं त्यात प्रकल्पग्रस्ताचा दाखला मोलाचा. म्हणूनच खोट्या दाखल्याचा घाव इथे खोल बसतो. जो खोटा दाखला लावून घुसतो तो सरकारला फसवत नाही, ज्याचं शेत खरोखर पाण्याखाली गेलं त्याच्या नातवाची जागा खातो. खेळाडूंच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरणही राज्यात गाजलं. २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने पुण्यात प्रशिक्षणार्थी राहिलेल्या एका सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली, तेव्हा कळलं की देशातल्या सर्वांत कडक परीक्षेच्या चाळणीतही दाखल्यांपुरती भोकं आहेत. दाखला देणारं कार्यालय एक, तपासणारं दुसरं, नेमणूक देणारं तिसरं. कोणत्या उमेदवाराची निवड कोणत्या समांतर आरक्षणातून झाली हे नावापुढे स्पष्ट छापलं, की पहिली तपासणी गावच करतं. कोण कोणत्या धरणाचा प्रकल्पग्रस्त आणि कोण कोणत्या खेळाचा खेळाडू, हे गावाला कुठल्याही पडताळणी समितीपेक्षा चांगलं माहीत असतं.

कोर्टाने उघडलेली दारं

हरलेल्याच्या बाजूने गेल्या पंधरा वर्षांत महत्त्वाचे निकाल आले. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे. २०१८ मध्ये अंगेश कुमार प्रकरणात न्यायालय थोडं मागे आलं. सनदी सेवा परीक्षेचे मूळ गुण सरसकट उघड करता येणार नाहीत, असं तिथे ठरलं. नोव्हेंबर २०२४ मात्र लक्षात ठेवण्यासारखा. ७ तारखेला तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं की भरती सुरू झाल्यावर, आधीच्या नियमांनी मुभा दिलेली नसेल तर, निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. त्याच महिन्यात पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीवरून मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. सार्वजनिक भरतीतले इतर उमेदवारांचे गुण ही कुणाची खासगी बाब नाही, ते माहिती अधिकारात द्यावे लागतील. म्हणजे पोलीस पाटलाच्या परीक्षेत मागे राहिलेल्याला पुढे गेलेल्याचे लेखी आणि तोंडीचे गुण वेगवेगळे मागायला आधार मिळाला. अर्जाला दहा रुपये लागतात. दुसरीकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या व्यक्तिगत माहितीच्या कलमात बदल केला आहे. ‘वैयक्तिक’ या एका शब्दाआड गुणांची यादी पुन्हा कपाटात जाणार नाही, याकडे डोळा ठेवावा लागेल.

शिक्षांचे कायदे याच काळात कडक झाले. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. तीन ते पाच वर्षं कैद, संघटित टोळीला पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड, परीक्षा घेणाऱ्या कंपनीलाही एक कोटीपर्यंत दंड. पाठोपाठ महाराष्ट्रानेही विधिमंडळात स्वतःचं विधेयक मांडलं. कायदे चांगले आहेत, पण ते चोर सापडल्यावर कामाला येतात. चोर आहे की नाही हेच न कळणाऱ्या उमेदवाराला त्यांचा उपयोग नाही.

मैदान आणि खोली

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पूर्व विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे दिसतात. ग्राउंड मारणं हा त्यांचा शब्द. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांसाठी १,६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ चं, गोळाफेक १५ ची. मुलींना १,६०० ऐवजी ८०० मीटर. या भरतीतही डमी उमेदवार सापडले आहेत, मैदानावर जीव गेलेत, लेखी परीक्षेवर तक्रारी आहेत. पण धावण्याच्या निकालावर हरलेला सहसा वाद घालत नाही. किती सेकंदांना किती गुण हे त्याला महिनोन्‌महिने आधी पाठ असतं, पुढचा आपल्यापुढे किती होता हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि गोळा कुठे पडला याची खूण मातीत असते. नियम आधी माहीत, मोजमाप समोर, दुसऱ्याचा निकालही समोर. लेखी आणि तोंडी परीक्षेत याच तीन गोष्टी आणायच्या आहेत.

त्यासाठी तालुक्याच्या पातळीवर पाच कागद पुरतील. परीक्षा संपताच उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराच्या हातात आणि उत्तरतालिका फलकावर. तोंडी परीक्षा सुरू होण्याआधी सगळ्यांचे लेखी गुण जाहीर, म्हणजे नंतर कुणाला वर ओढायचं तर ते सगळ्यांना दिसेल. तोंडीचे गुण समितीच्या प्रत्येक सदस्याने स्वतंत्र दिलेले आणि मुद्देवार: गावाची माहिती किती, कायद्याची किती, बोलणं-वागणं किती. अंतिम यादीत निवडलेल्या आणि न निवडलेल्या सगळ्यांचे लेखी, तोंडी आणि आरक्षणाचा प्रकार असे तीन रकाने. राज्य पातळीवर यात सत्रागणिक सरासरीची आणि गुणांमध्ये झालेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीची भर घालावी. पाचवा कागद तारखांचा: परीक्षा, निकाल, नेमणूक कधी, आणि तारीख चुकली तर का.

या सगळ्याने प्रत्येकाला नोकरी मिळणार नाही. ४,६४४ जागांना दहा लाख अर्ज हे गणित कुठल्याही पारदर्शकतेने सुटत नाही, त्याचा विचार रोजगाराच्या धोरणात करावा लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने बाह्य कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि विरोधामुळे दीड महिन्यात मागे घेतला, तेव्हा लोकांना कळून चुकलं होतं की वाईट परीक्षेपेक्षा परीक्षाच नसणं जास्त घातक. म्हणूनच आहे ती परीक्षा वाचवायला हवी. आपण सात गुणांनी मागे पडलो हे ज्याला कागदावर दिसतं तो पुन्हा अभ्यासाला बसतो, नाहीतर शांतपणे दुसऱ्या कामाला लागतो. ज्याला काहीच दिसत नाही त्याच्यापुढे चाळीस लाखांचा फोन येतो, आणि तो खरा असेल असं त्याला वाटतं. भंडारा जिल्ह्यात पुन्हा पोलीस पाटलांची भरती निघेल. तेव्हा साकोलीच्या उपविभागीय कार्यालयाने तोंडी परीक्षेआधी लेखीचे गुण आणि शेवटी सगळ्यांचे तीन रकाने फलकावर लावले, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही आणि वेगळा निधीही लागणार नाही.